मिरवणुकीनंतरचा फौजी

हरभरा घाट्यावर आला की वऱ्हाडात रात्रीची जागल सुरू होते. रोही अन् रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून धुऱ्यावर मचाण, हातात बॅटरी आणि मधूनमधून एखादा सुतळी बॉम्ब. अकोट तालुक्यातल्या एका गावात जागलीला एक निवृत्त जवान कायम पुढे असतात. शेजाऱ्यांच्या वावरालाही त्यांचाच आधार. ते फटाका मात्र कधी वाजवत नाहीत, रिकामा डबा बडवतात. "मेजर असल्यावर रोह्याची काय बिशाद!" असं गाव कौतुकानं म्हणतं. त्यांच्या पत्नीनं मला सांगितलं ते वेगळंच होतं. "हे घरी असले तरी झोपत नाहीत जी. दूर कोनाच्या वावरात फटाका फुटला का उठून बसतात, अन् मंग भिताडाले पाठ लावून उजाडेपर्यंत तसेच."

याच माणसाची सेवापूर्तीच्या दिवशी गावानं फुलांनी सजवलेल्या जीपमधून मिरवणूक काढली होती. चौकात फ्लेक्स, घरोघरी औक्षण. तो मान त्यांचा हक्काचाच होता. पण त्यानंतर उरली ती पेन्शन, सुरक्षारक्षकाची नोकरी आणि "लय तापट झाले" ही कुजबुज. झोपेचं कोणी विचारलं नाही.

जिवावरच्या प्रसंगात मेंदू शरीराला सावध करतो. काहींच्या बाबतीत प्रसंग सरतो, तरी हा पहारा उठत नाही. साध्या आवाजानं दचकायला होतं, तेच दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर येतं, बायकामुलांत मन रमत नाही आणि पुष्कळदा दारू जवळची वाटू लागते. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अशा हालांनंतर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी 1980 साली 'पीटीएसडी' (आघातानंतरचा ताणविकार) हे अधिकृत निदान मानलं. समुपदेशनानं आणि गरज पडल्यास औषधांनी यात पुष्कळ आराम पडतो, हे आपल्याकडे फार थोड्या घरांना माहीत आहे.

हे दुखणं फक्त सैन्यापुरतं नाही. अमरावतीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 9 आहे. या दलातल्या जवानाचं आयुष्य बंदोबस्तावर जातं. आज सण, उद्या निवडणूक, परवा गडचिरोली. 1 मे 2019 रोजी जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात 15 पोलीस गेले, ते याच गडचिरोलीत. अशा मुलखातून परतलेला माणूस तोंड उघडत नाही, याचं कारण नुसती लाज नव्हे. 'लो मेडिकल', म्हणजे प्रकृतीनं कमी पात्र, असा शिक्का बसेल, हातची बंदूक जाईल, बढती हुकेल, ही धास्ती असते, आणि ती मला अनाठायी वाटत नाही. म्हणूनच पहिली विचारपूस ऑफिसच्या फाइलबाहेर, ओळखीच्या माणसाकडून व्हायला हवी.

ते जमतं, याचा दाखला अमरावती जिल्ह्यातच आहे. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या इथल्या 30 गावांत गोव्याच्या 'संगत' संस्थेनं 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना मनाच्या प्रथमोपचाराचं शिक्षण दिलं. नैराश्य असलेल्यांपैकी आधी फक्त 4.3 टक्के लोक मदत घेत होते. 18 महिन्यांनी हे प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेलं. 'लॅन्सेट सायकियाट्री'त 2017 साली हा अभ्यास छापून आला. मला यातली खरी कमाई दिसते ती ही, की मदत चालत दारी गेली. शेतकऱ्यासाठी जे झालं ते माजी सैनिकासाठी, राखीव पोलिसासाठी, मेळघाटात पायी गस्त घालणाऱ्या वनमजुरासाठी का होऊ नये? आशाताई गावात आहेत, माजी सैनिकांच्या संघटना आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. त्यांना एकत्र बसवणारं कोणीतरी हवं, आणि हे काम आता जिल्हा प्रशासनानं अंगावर घ्यावं.

तोवर आपण एवढं करू शकतो. गावातल्या फौजीकडे जा, चहा घ्या, झोप लागते का ते विचारा, त्यांच्या घरच्यांनाही विचारा. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो. सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष 1 डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.