नारंगी आणि नारांखा

धाकटी नागपूरला स्पॅनिश भाषेच्या वर्गाला जाते. आम्ही काटोलची माणसे. तिची आई मोसमात संत्र्याच्या तोडणीला जाते, मी ट्रकमध्ये कॅरेट चढवतो. वर्गाची फी भरली तेव्हा दुकानदाराची दोन महिन्यांची उधारी राहिली, त्यामुळे हा विषय निघाला की घरात आवाज चढतो. "इंग्रजी नीट येत नाही, अन् हे नवीन काय?" असे मोठ्याचे म्हणणे. वर्गातली बाकीची मुले इंग्रजी शाळांतली. वर्ग सोडते असे धाकटीही दोनदा म्हणाली.

एका रात्री ती रंगांची विशेषणे पाठ करीत होती. नारंगीला त्या भाषेत 'नारांखा' म्हणतात. लिहिताना 'जे' लिहायचे, उच्चार मात्र घशातून, 'ख'सारखा.

"हा तं आपलाच शब्द होय ना माय!" आई म्हणाली.

आहेच. संस्कृतातला नारंग फारसीत गेला, अरबीत नारंज झाला आणि अरबांबरोबर स्पेनला पोचला. संस्कृतात तो द्राविडी भाषांतून आला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. मल्याळीत लिंबाला आजही नारंगा म्हणतात. इंग्रजीत पोचेपर्यंत बिचाऱ्याचा पहिला 'न' गळून पडला.

वापरही आपल्यासारखाच. पिवळा सदरा, पिवळी साडी, पिवळे लुगडे. पण नारंगी तिन्हींना नारंगीच. त्यांच्याकडे पिवळा म्हणजे 'आमारियो', स्त्रीलिंगी शब्दापुढे 'आमारिया'. नारांखा मात्र बदलत नाही, कारण ते मुळात फळाचे नाव. अनेकवचनात कुणी शेवटी 'स' लावतात, कुणी नाही, दोन्ही चालते.

अडचण वेगळीच आहे. "आमच्या काटोलला नारांखा पिकतात," असे वर्गात सांगितले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोसंबीसारखे घट्ट सालीचे फळ येईल. आपला सुट्या सालीचा संत्रा म्हणजे त्यांची 'मांदारिना'. म्हणजे रंग नारांखा, फळ मांदारिना. हे आईला लगेच पटले. संत्रा ओढून तोडला तर देठापाशी साल फाटते, हे तिच्या बोटांना ठाऊक आहे.

मग तिने विचारले, "ऑक्टोबरात आंबियाचा माल तोडतो, तो अर्धा हिरवा रायते. त्याले काय म्हणतीन?" हिरव्याला 'वेर्दे', धाकटी म्हणाली, आणि अर्ध्याला काय म्हणतात ते पुस्तकात शोधू लागली.

पुढची फी मृगाच्या तोडणीपर्यंत थांबेल का, हे विचारायला मी सोमवारी नागपूरला जाणार आहे.