इंजिनबदल

आमच्या घरचा संगणक अलीकडे सकाळी जागा होतो तोच मुळी भूतकाळात. त्याच्या मदरबोर्डवर बसविलेला तीन व्होल्टचा चपटा सेल निवर्तला असल्यामुळे, दौंडची वीज एकदा गेली आणि परत आली, की त्याची काळगणना बरीच वर्षे मागे सरकून त्याच्या जन्मसालापाशी जाऊन थांबते. आणि मग बँकेची संकेतस्थळे, अशा कालविस्मृत गृहस्थाशी कोणताही व्यवहार करण्यास आपण असमर्थ आहोत असे कळवून, दार लावून घेतात. वस्तुतः हा सेल बाजारात अगदी किरकोळ किमतीस मिळतो. परंतु घरातील तरुण मंडळींनी या क्षुल्लक व्याधीचे निमित्त साधून त्याच्या सेवानिवृत्तीचा ठरावच पुढे आणला.

ठरावाला कायद्याचा आधारही होता. विंडोज १० या प्रणालीला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले, आणि विंडोज ११ च्या दरबारात रुजू व्हावयाचे तर इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सनदही जवळ असावी लागते. आमच्या यंत्रापाशी दोन्ही नाहीत. अमेरिकेतील रेडमंड गावाहून निघालेल्या हुकमाची भीमेच्या काठी इतकी चोख तामिली व्हावी, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते; आमच्या तालुक्याच्या कचेरीतून निघालेले कागदसुद्धा एवढ्या तत्परतेने मुक्कामी पोहोचत नाहीत.

मग बाजारपेठ पालथी घालणे आले. दौंडात चौकशी झाली, आणि शिरूर तालुक्यात घोड नदीकडच्या बाजूला आमची थोडी वडिलोपार्जित जमीन असल्याने तिकडे जाणे होतेच, तेव्हा शिरूरच्या दुकानांतही तजवीज करून पाहिली. एका तरुण दुकानदाराने प्रथम लॅपटॉप दाखविला, नंतर पडद्याच्या पाठीतच सारे अवयव सामावून घेतलेला ऑल-इन-वन, नंतर तळहातावर मावेल असा मिनी पीसी, आणि माझा चेहरा पाहून शेवटी म्हणाला, "काका, तुम्हांला असेंबलच करून देतो. धूळ बसली तर झाकण उघडून पुसता येईल, अन् काही गेलं तर तेवढंच बदलता येईल." त्या मुलाला आमच्या प्रदेशाचे हवामान कळत होते. गळिताचा हंगाम सुरू झाला, की कारखान्याच्या धुराड्यातून निघालेली उसाच्या चिपाडाची काळी राख वाऱ्याबरोबर अंगणात, खिडकीत आणि यंत्राच्या पंख्यात येऊन बसते. आणि वैशाखात तर हवाच इतकी तापलेली असते, की लहानशा पेटीत कोंडलेल्या यंत्राने निःश्वास तरी कोठे टाकावा?

लॅपटॉपला मी नकार दिला तो मात्र राखेमुळे नव्हे. लॅपटॉप घरात राहतो, पण तो घराचा होत नाही. तो कोणाच्या तरी खोलीत जातो, कोणाच्या तरी पिशवीतून पुण्याला जातो, आणि ज्याचा परवलीचा शब्द त्याचाच होऊन बसतो. टेबलावरचा संगणक जागचा हलत नाही, या त्याच्या दोषातच त्याचे सारे सार्वजनिक पुण्य साठलेले आहे. शेजारच्या वहिनी मुलीचा प्रवेशअर्ज भरावयास याव्यात, कोणी सातबाऱ्याचा उतारा काढून न्यावा, ऊसबिलाचा हिशेब सर्वांदेखत मांडावा, हे सारे घडते ते तो सर्वांना ठाऊक असलेल्या एका कोपऱ्यात बसलेला असतो म्हणून.

पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली, की पूर्वी तिचे इंजिन सुटून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडले जाई. फलाटावरचा चहा होईपर्यंत सारा खटाटोप उरके, आणि डब्यांतील उतारू, सामान, झोपलेली मुले, सारे जागच्या जागी राहून उलट दिशेने मार्गस्थ होत. आता कॉर्ड लाईनच्या स्थानकामुळे पुष्कळ गाड्यांना दौंडात शिरावेच लागत नाही. यंत्र बदलावयाचे ते याच रीतीने बदलावे, असे माझ्या मनाने घेतले. पण मग प्रश्न असा उभा राहिला, की आमच्या गाडीला डबे तरी कोणते आहेत?

छायाचित्रे आहेत, ती कोठेही उतरतात. खरे ओझे आहे ते मराठी दस्तऐवजांचे. वाटणीपत्राचा मसुदा, फेरफाराच्या नोंदीसाठी केलेले अर्ज, वडिलांनी आयुष्याच्या अखेरीस सांगितलेली आणि मी टंकलिखित करून ठेवलेली कुळकथा, हे सारे युनिकोड घरोघर पोहोचण्यापूर्वीच्या फाँटांत आहे. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे स्थान मिळाले होते, पुढे र. कृ. जोशींनी घडविलेला मंगल फाँट विंडोजबरोबर येऊ लागला. तरी छापखान्यांतून आणि टंकलेखनाच्या दुकानांतून जुने फाँट पुढेही पुष्कळ वर्षे नांदत राहिले. त्यांची युक्ती अशी, की आत साठवावयाची रोमन चिन्हे आणि त्यांवर देवनागरीचा वेष चढवावयाचा. तो फाँट नव्या यंत्रात नसला, की वडिलांची कुळकथा रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची निरर्थक रास होऊन पडद्यावर पसरते.

शिरूरहून परतताना चौफुल्याच्या अलीकडे भीमा ओलांडली, की मला केडगावची आठवण होते. तेथील मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि आश्रमातील स्त्रियांनीच खिळे जुळवून ते छापले. १९२२ साली रमाबाई गेल्या, आणि १९२४ साली ते संपूर्ण ग्रंथरूपाने बाहेर आले. ते छापताना जुळविलेले शिसाचे खिळे आज कोठे असोत, छापलेले पान वाचावयाला त्यांची गरज पडत नाही. माझ्या धारिकेला मात्र खिळेही बरोबर न्यावे लागतात! आणि आमच्याच घरात आजोबांच्या मोडीतील कागदांचा रुमाल आहे. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारा नाही. कुळकथेची गत त्या रुमालासारखी होऊ नये एवढ्यासाठी तरी या बदलाची घाई करावयाची नाही, असे मी ठरविले.

तेव्हा नवा टॉवर आला. त्याला मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी नाही, मुकाट बसणारी एसएसडी आहे. जुन्याला नवा सेल बसविला, त्याचे इंटरनेट तोडले आणि केवळ अक्षरांतराच्या कामासाठी त्याला मुदतवाढ दिली. "काका, जुना देऊन टाकायचा का?" असे दुकानदाराने विचारले, तेव्हा "काम उरकल्यावर" असे सांगितले.

काम मात्र सहजी उरकणारे नाही. रूपांतर करणारी प्रणाली ऱ्हस्व इकार आणि रफार यांच्या बाबतीत विलक्षण बेपर्वा आहे. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, इकार पुढे सरकतो. म्हणून रोज संध्याकाळी नात नव्या पडद्यावरून मोठ्याने वाचते आणि मी जुन्या छापील प्रतीवर बोट ठेवून ताळा पाहतो. काल पणजोबांच्या वर्षासनापाशी ती अडली. "आबा, तुमचा रफार पुन्हा पळाला," असे म्हणून तिने तो जागेवर आणून बसविला, आणि पुढची ओळ वाचावयास घेतली.