हॅन्सन हरले त्याची गोष्ट

लेकाकडे सॉल्ट लेक सिटीला गेलो होतो. तिथून गाडीनं पाचेक तासांवर वायोमिंग राज्यातलं जॅक्सन होल. सगळे तिथे टेटनची शिखरं बघायला जातात. माझा जन्म जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक म्हणून गेलेला, त्यामुळे माझी नजर आधी गोठ्याकडे. तिथली कुंपणं मोठी मजेशीर. लाकडाच्या कैच्या नुसत्या जमिनीवर उभ्या करून त्यांवर आडवे वासे टाकलेले. सगळी जमीन गोट्यांची, खांब रोवणार कुठे? अशाच एका कुंपणापलीकडे, चक्क राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, गाई निवांत चरत होत्या.

मी गाडी थांबवायला लावली. आमच्या पाटणकडे 1985 साली कोयना अभयारण्य झालं. तेव्हापासून चराईवरून झालेले वाद मी पोटभर ऐकलेत. "इथे कसं काय चालतं रे?"

"बाबा, ती क्लिफर्ड हॅन्सनची कथा आहे," लेक म्हणाला. मुक्कामी पोचल्यावर दोघं त्याबद्दल वाचत बसलो.

हॅन्सन जन्मले 1912 साली, याच खोऱ्यात. घरचा धंदा गुरांचा. 1943 च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खोऱ्यातली दोन लाखांहून जास्त एकर जमीन एका फर्मानानं संरक्षित केली. त्याआधी धनाढ्य रॉकफेलर यांनी उद्यानासाठी म्हणून एक कंपनी पुढे करून, आपलं नाव झाकून, तिथल्या हजारो एकर जमिनी विकत घेऊन ठेवल्या होत्या. शेतकरी खवळले नसते तरच नवल. हॅन्सन तेव्हा काउंटीचे कमिशनर. त्यांची चिंता नुसती गवताची नव्हती. जमिनी सरकारजमा झाल्या की काउंटीचा कर बुडणार होता. मे महिन्यात त्यांनी आणि शेजाऱ्यांनी पाचशेहून जास्त जनावरं परवानगी न घेता त्या जमिनीतून हाकली. हातात बंदुका, आणि सोबत हॉलिवूडचा नट वॉलेस बीरी! आंदोलनाला नट आणायची युक्ती आपल्याकडचीच, असं मला उगाच वाटत होतं.

काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, फर्मान रद्द करायचं विधेयक मंजूर केलं, रूझवेल्टनी ते सहीविना मरू दिलं. अखेर 1950 मध्ये तडजोड झाली. जमीन ग्रँड टेटन उद्यानात गेली, काउंटीला बुडालेल्या कराची भरपाई ठरली, आणि जुन्या परवानेदारांना चराईचा हक्क मिळाला; तोही त्यांच्या आणि तेव्हा हयात असलेल्या वारसांच्या आयुष्यापुरता. शिवाय यापुढे वायोमिंगात असं फर्मान काँग्रेसच्या संमतीशिवाय काढता येणार नाही, हेही कायद्यात आलं. हरणाऱ्यांच्या मानानं पदरात बरंच पडलं म्हणायचं.

हॅन्सन पुढे वायोमिंग पशुपालक संघटनेचे अध्यक्ष झाले, 1963 ते 1967 राज्याचे गव्हर्नर, नंतर वॉशिंग्टनमध्ये सेनेटर. आणि याच माणसानं पुढे जाहीरपणे कबूल केलं, की उद्यानाला विरोध करणं ही आपली चूक होती, आपण हरलो ते बरंच झालं.

लेक यावर भारावून गेला. मी तितका नाही. खोऱ्यात पर्यटकांची रीघ लागली, जमिनींना सोन्याचा भाव आला, तेव्हा असं म्हणणं तितकंसं महाग पडत नाही. तरीही, ज्या मुद्द्यावर नाव झालं तोच मुद्दा चुकला, हे भर सभेत सांगणारा पुढारी मी माझ्या साऱ्या नोकरीत पाहिलेला नाही. तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

त्यांची मुलगी मेरी मीड 1990 मध्ये गव्हर्नरपदासाठी लढली आणि हरली. 1996 मध्ये गुरं हाकताना घोड्यावरच्या अपघातात ती गेली. चराईचा हक्क तर वारसांच्या आयुष्याला बांधलेला, म्हणजे तिच्याबरोबर तोही संपणार होता. पुढच्याच वर्षी काँग्रेसनं कायदा करून त्याला तात्पुरती मुदतवाढ दिली. कारण गुरांचा धंदा बुडाला, तर उद्यानाला लागून असलेली खाजगी कुरणं विकली जातील आणि त्यांवर बंगले उठतील, ही धास्ती. ज्या उद्यानाविरुद्ध गुरं घुसवली, त्याचा शेजार मोकळा राहावा म्हणून आता गुरंच हवी होती.