नवे-जुने

आमच्या बागलाणात मार्च महिना उजाडला की एक जोडशब्द ज्याच्या त्याच्या तोंडी येतो. सटाण्याच्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर, कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत दोन शेतकरी भेटले, की आधी रामराम होतो आणि लगेच प्रश्न येतो, "नवं-जुनं झालं का?" परगावच्या माणसाला वाटावे, घरातली भांडीकुंडी बदलण्याची गोष्ट चालली आहे. शब्द मोठा सोज्वळ आहे. त्यात कर्ज नाही, व्याज नाही, थकबाकी नाही. 'कर्ज' म्हणताना ज्याचा आवाज खाली जातो, तोच माणूस 'नवं-जुनं' मात्र चारचौघांत खुशाल विचारतो. माणसाची अब्रू झाकायला भाषा कधी कधी अशी धावून येते.

मी एकतीस वर्षे विकास सोसायटीचा गटसचिव होतो. म्हणजे या शब्दाच्या पोटात काय आहे, ते मला चांगले ठाऊक आहे. शेतकरी सोसायटीकडून पीककर्ज घेतो आणि ३१ मार्चच्या आत ते फेडतो. वेळेत फेडले तर केंद्राची आणि राज्याची व्याजसवलत मिळून तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज जवळजवळ पडतच नाही. एक दिवस चुकला, की सवलत गेली, नाव थकबाकीदारांत गेले आणि कलम एकशे एकची नोटीस दाराशी आली. पण मार्चमध्ये उन्हाळ कांदा अजून शेतात असतो. हातात पैसा कुठून येणार? मग तो चार दिवसांसाठी कोणाकडून तरी रक्कम उचलतो, जुने कर्ज भरतो, आठवड्याभरात नवे कर्ज मंजूर होते आणि त्यातून उचललेली रक्कम परत जाते. दिवस चारच असले तरी व्याज पुऱ्या महिन्याचे! तरीही सौदा परवडतो, कारण समोर वर्षाची सवलत असते. एका खिशातले ओझे दुसऱ्या खिशात जाते, एवढेच. मात्र दुसरा खिसा थोडा कमी काचतो.

हा प्रकार आजकालचा आहे असे कोणी समजू नये. मला तर वाटते, आपल्या सगळ्या सहकाराचा जन्मच या एका कल्पनेतून झाला. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. चारच वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला खास कायदा करावा लागला. पण रोखा जाळून किंवा कायदा करून शेतकऱ्याची पैशाची गरज काही संपत नाही. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, तो हे ओळखून. कर्ज लागणारच आहे, तर ते सावकाराच्या वहीतून उचलून कमी व्याजाच्या वहीत ठेवू, असा त्यामागचा साधा विचार. पुढे भूतारण बँका निघाल्या, त्यांचे तर सुरुवातीचे मुख्य कामच शेतकऱ्याची जुनी देणी फेडून ती लांब मुदतीच्या स्वस्त कर्जात बदलणे हे होते. हेतू उत्तम होता. पण १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीने आकडे मांडले, तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा शेकडा अवघा ३.१ निघाला. सावकारांचा वाटा, धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून, शेकडा सत्तरच्या घरात होता. ओझे हलवण्याची कल्पना सोपी, पण ते खरोखर हलायला पिढ्या लागतात.

सचिवाच्या खुर्चीवरून मी हजारो नवी-जुनी पाहिली. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. पिकाचा कर्जदर बहुधा वाढत जातो, म्हणून नवे कर्ज जुन्यापेक्षा थोडे मोठे मंजूर होते. ऐंशी भरले, नव्वद मिळाले. वरचे दहा हजार कुठे जातात? थोडे उचललेल्या पैशाच्या व्याजात, थोडे लग्नाच्या आहेरात, थोडे नव्या मोबाइलमध्ये. पुढल्या मार्चला नव्वद भरायचे असतात. दरवर्षी माणूस नियमित कर्जदार म्हणून गौरवला जातो आणि दरवर्षी त्याचे देणे तसूभर वाढते. त्याला ते कळतही नाही, कारण शब्द सोज्वळ आहे.

याला मला आठवतो असा एक अपवाद. आमच्या सोसायटीत एक विधवा बाई होत्या. दोन एकर जमीन, शिक्षण काही नाही. त्या येत, जुने कर्ज भरत आणि नव्याच्या अर्जावर अंगठा उठवण्याआधी विचारीत, "भाऊ, यंदा किती बसतं?" मी म्हणे, "साठ हजार बसतात, मावशी." त्यावर त्या म्हणत, "मग पंचेचाळीस लिहा." पुढल्या वर्षी चाळीस, त्याच्या पुढल्या वर्षी पस्तीस. एकदा मी म्हटले, "मावशी, फुकटासारखा पैसा आहे, घ्या की." त्या म्हणाल्या, "फुकटाचा असता तर परत कशाला मागितला असता?" मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी नवे कर्ज घेतलेच नाही. त्या दिवशी नुसता जुन्याचा भरणा झाला आणि पावती घेऊन बाई चालत्या झाल्या. नवे घेताना जुन्याहून कमी घ्यायचे, हे अर्थशास्त्र मला कुठल्याही प्रशिक्षणवर्गात कोणी शिकवले नव्हते.

ते कामी आले गेल्या दिवाळीत, आणि तेही शेताच्या नव्हे तर शहराच्या कर्जात.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. भाऊ वारल्यापासून वहिनी इथे डाळिंबाची बाग सांभाळतात. भाऊबीज आटोपली, पाहुणे पांगले आणि पोरगा माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ मोबाइल उलटा-सुलटा करीत राहिला. शेवटी म्हणाला, "काका, माझ्यावर कार्डाचं देणं झालंय. बहात्तर हजार."

"केव्हापासून?"

"दोन वर्षं झाली. पण एकही हप्ता चुकवला नाही, काका."

"किती भरतोस?"

"ते सांगतात तेवढे. किमान रक्कम. छत्तीसशे."

मी जुनी वही आणि पेन्सिल काढली. त्याच्या कार्डाचे व्याज दरमहा शेकडा साडेतीन, म्हणजे वर्षाकाठी बेचाळीस टक्के! बहात्तर हजारांवर महिन्याचे व्याज झाले २,५२०. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, ४५४. दोन्ही मिळून २,९७४. त्याने छत्तीसशे भरले की मुद्दलातून जातात अवघे ६२६ रुपये. त्यातही एखादी खरेदी कार्डावर केली की तेवढेही नाही, कारण मागली बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते. आपल्या जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता. व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक मागता येत नसे. कार्डाला असले बंधन नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला तीस टक्क्यांची मर्यादा सांगितली होती, तीही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. आकडा पाहून पोराचा चेहरा उतरला. सावकार निदान दाराशी येऊन बसतो, त्यामुळे देणे डोळ्यांआड होत नाही. हे कार्ड पाकिटात गप्प पडून असते.

मग तो म्हणाला, "दुसऱ्या एका बँकेचा फोन आला होता. ते म्हणतात, बॅलन्स ट्रान्सफर करा. ते हे बहात्तर हजार भरून टाकणार, मग मी त्यांना बारा महिन्यांत फेडायचे. व्याज महिना एक टक्का. सुरुवातीला दोन टक्के फी."

मला हसूच आले. "अरे, हे तर आपलं नवं-जुनं!"

पुन्हा पेन्सिल चालली. फी आणि तिच्यावरचा कर १,६९९. दरमहा हप्ता सुमारे चौसष्टशे. वर्षाचे व्याज ४,७६५ आणि त्यावरचा कर ८५८. सगळा खर्च सात हजार तीनशेच्या आसपास. तेवढाच हप्ता तो जुन्या कार्डावर भरत राहिला असता, तर फिटायला पंधरा महिन्यांहून अधिक लागले असते आणि व्याज-कर मिळून सव्वीस हजारांच्या वर गेले असते. म्हणजे नुसती वही बदलल्याने एकोणीस हजार रुपये वाचत होते. मात्र बँक हे दानधर्म म्हणून करीत नाही. शंभरांतले कितीतरी जण मुदतीत फेडणार नाहीत, मोकळ्या झालेल्या जुन्या कार्डावर पुन्हा खरेदी करतील आणि एकाची दोन देणी करून बसतील, हे तिला पक्के ठाऊक असते. वरचे दहा हजार कुठे जातात, ते मी पाहिले होते.

आमचे बोलणे स्वयंपाकघरात ऐकू गेले असावे. वहिनी बाहेर आल्या आणि काही न बोलता हातातल्या पाटल्या काढून वहीवर ठेवल्या. म्हणाल्या, "भाऊजी, हे तारण ठेवा आणि त्याला मोकळं करा."

खरे सांगायचे तर हिशेबाने वहिनींचेच बरोबर होते. सोनेतारणाचे व्याज त्या महिना एक टक्क्याहूनही कमी पडले असते, आणि फीही थोडी. मी तसे बोलूनही दाखवले. पण पोरगा एकदम म्हणाला, "नाही. त्या पाटल्यांना हात लावायचा नाही." मग थांबत थांबत त्याने सांगितले, की त्या देण्यातले निम्म्याहून अधिक पैसे बागेचेच होते. तेल्याने बाग धरली त्या वर्षी वहिनींना फवारणीसाठी जे पैसे येत होते, ते पगारातले नव्हते, कार्डावरचे होते. आईला कळले असते तर तिने तेव्हाच पाटल्या मोडल्या असत्या, म्हणून तो बोलला नव्हता.

वहिनी उभ्याच राहिल्या. बागेवर औषध मारले ते कोणाच्या जिवावर, हे त्यांना दोन वर्षांनी कळत होते. थोड्या वेळाने त्यांनी पाटल्या उचलल्या, हातात चढवल्या आणि म्हणाल्या, "मग महिन्याला चौसष्टशे तू एकटा नाही भरायचे. दोन हजार बागेचे." पोरगा नको म्हणाला नाही. घरात देणे लपवले की ते एकट्याचे होते आणि उघडे झाले की त्याचे वाटे पडतात. व्याजदर कमी होण्याइतकाच हाही फायदा मोठा आहे, फक्त तो वहीत मांडता येत नाही.

मी तीन अटी घातल्या. जुने कार्ड बाकी शून्य झाल्याबरोबर बंद करायचे. तसा अर्ज केला की सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावे लागते, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. दुसरे, नव्या कार्डावर एक रुपयाचीही खरेदी करायची नाही. तिसरे, हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी जायला हवा, उरल्यावर नव्हे. एक हप्ता चुकला की सवलतीचा दर जाऊ शकतो. आमच्या ३१ मार्चसारखेच.

सटाण्यात देण्याघेण्याची गोष्ट काढावी आणि देवमामलेदारांची आठवण होऊ नये, असे घडत नाही. यशवंतराव महादेव भोसेकर इथे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातले एक लाख सत्तावीस हजार रुपये उपाशी माणसांना वाटून टाकले आणि तपासणी झाली तेव्हा खजिना भरलेला निघाला, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. मार्गशीर्ष वद्य एकादशीला त्यांचा रथ निघतो. त्या गर्दीत हात जोडणारे किती जण मनात म्हणत असतील, की महाराज, माझीही रिकामी तिजोरी अशीच भरू दे! मीही हात जोडतो. पण मला वाटते, ती कथा दुसऱ्यासाठी खजिना रिता करणाऱ्याची आहे. आपल्यासारख्यांनी केलेला खड्डा आपल्यालाच टोपलीटोपलीने भरावा लागतो. फार तर जिथली माती स्वस्त, तिथून ती आणावी.

हे लिहितो आहे तेव्हा अकरा हप्ते गेले आहेत, एक उरला आहे. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला सटाण्याच्या पेठेत नव्या वह्यांची पूजा होईल. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटेल, 'शुभ-लाभ' लिहिले जाईल आणि पान उलटले की पहिली ओळ असेल मागील बाकीची. नवी वही जुनी बाकी पुसत नाही. ती फक्त कोऱ्या पानावर आणून डोळ्यांसमोर मांडते. तो आकडा गेल्या दिवाळीपेक्षा लहान असला, की लक्ष्मी घरात आली असे खुशाल समजावे.