गावी न गेलेल्यांचं शिरगाव

मे महिना अर्ध्यावर आला की शिरगावातले आवाज कमी होऊ लागतात. आधी शाळेच्या व्हॅनचे भोंगे जातात, मग जिन्यातली पोरं, मग वरच्या मजल्यावरचा सकाळचा मिक्सर. परळ-लालबाग, भांडुप, डोंबिवली असं करत करत जागेच्या भावापुढे मागे सरकत आलेली कितीतरी कुटुंबं बदलापूर पूर्वेच्या या भागात आहेत. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती ९७,९४८ होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. त्यापुढचा अंदाज सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवताना येतोच. ही सगळी माणसं मुळात कुठली, ते मात्र मे महिन्यात कळतं. दारांना कुलपं लागतात. पिठाच्या गिरणीच्या शटरवर खडूने लिहिलेलं असतं, ‘गावी गेलो आहे. पाच तारखेला उघडेल.’ कुठल्या महिन्याची पाच, ते लिहिलेलं नसतं.

काहीजण मागे उरतात. कुणाचं गावचं घर पडलेलं, कुणाचं वाटण्यांत गेलेलं, कुणाला रजा नाही, कुणाकडे म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं. त्यांच्याकडे ‘बिचारे’ म्हणून बघायची रीत आहे. मला ती पटत नाही. मे महिन्यात खरी सुट्टी मिळते ती शिरगावात उरलेल्यांनाच. गेलेले लोक कामाला गेलेले असतात.

कोकणात जाणाऱ्याचीच गोष्ट घ्या. पहाटेच्या लोकलने बोचकी घेऊन दिवा गाठायचं, तिथून सावंतवाडीच्या पॅसेंजरमध्ये शिरायचं. जागा मिळाली तर नशीब, नाहीतर रत्नागिरीपर्यंत दाराजवळ बॅगेवर. पोहोचल्यावर पहिल्या दिवशी देवाला नारळ आणि गाऱ्हाणं, दुसऱ्या दिवसापासून पावसाळ्याची तयारी. कौलं परतायची, गडग्याचे पडलेले दगड लावायचे, लाकडं आत घ्यायची. बायकांचे हात आमसुलांत, साठांत आणि फणसाच्या चिकात. संध्याकाळी काका सातबारा काढून बसतात आणि आवाज चढतात. समुद्र दोन मैलांवर असतो, पण तिथे जायला शेवटचा दिवस उजाडावा लागतो, तोही मुलं रडली तर. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. घर टिकवायचं तर हे करावंच लागतं. पण याला विश्रांती म्हणण्यात अर्थ नाही.

विश्रांतीचा मुद्दा निघाला की मला फ्रान्स आठवतं. तिथे समुद्रकाठच्या छोट्या गावात पंधरा दिवस नुसतं बसून राहणं, सकाळी पाव आणायला जाणं, दुपारी लांबलचक जेवण, संध्याकाळी धक्क्यावर फेरी, हे आज रक्तात असल्यासारखं दिसतं. पण रक्तात वगैरे काही नव्हतं. ते कायद्याने आलं. १९३६ च्या जूनमध्ये कारखान्याकारखान्यांत संप चालू असताना लेओं ब्लुम यांच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी दिली. पाठोपाठ लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने रेल्वेचं सवलतीचं तिकीट आणलं, आणि त्या उन्हाळ्यात अनेक कामगारांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. दोनाचे तीन आठवडे १९५६ मध्ये झाले, चार १९६९ मध्ये, पाच १९८२ मध्ये. नेमकं त्याच १९८२ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप पुकारला आणि हजारो घरांना न मागितलेली, न संपणारी सुट्टी लागली. शिरगावातल्या काही घरांचा मुंबईबाहेरचा प्रवास तिथून सुरू झालेला आहे.

आपल्याकडेही रजेचा कायदा होताच. १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा. गिरणीतला माणूस ती शिमगा, गणपती आणि मे महिना यांच्यात वाटायचा. म्हणजे रजा होती, पण ती गावाने आधीच मागून ठेवलेली असायची.

फ्रेंच माणसालाही नुसतं बसणं एका दिवसात जमलं नसावं. झाक तातीचा १९५३ चा ‘मस्य हुलोंची सुट्टी’ हा सिनेमा सॅं-मार्क-स्युर-मेर या खऱ्याखुऱ्या किनाऱ्यावर चित्रित झाला. त्यातला एक उद्योगपती सुट्टीवर आलेला असतो, पण त्याला सारखा फोनवर बोलावतात. हा गृहस्थ मला रोज बदलापूर लोकलमध्ये भेटतो; फरक इतकाच की आता फोन त्याच्या खिशात असतो.

आणखी एक गोष्ट फ्रेंचांनी शोधून काढली. १९५१ मध्ये आल्प्सच्या पायथ्याकडच्या एका ओस पडत चाललेल्या खेड्यात जुनं घर दुरुस्त करून शहरातल्या कुटुंबांना सुट्टीपुरतं भाड्याने द्यायची सुरुवात झाली. १९५५ मध्ये त्यातून ‘जीत द फ्रांस’ ही संघटना उभी राहिली. शेतकऱ्याला दुरुस्तीचा पैसा मिळाला आणि शहरातल्याला गाव मिळालं, तेही दुसऱ्याचं. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. दुसऱ्याच्या गावात तुम्हाला कुणी बांध सरकल्याचं सांगत नाही. तिथे तुम्ही कुणाचे धाकटे भाऊ नसता. गळणारं कौल दिसलं तरी खुर्चीतून उठावं लागत नाही. आता कोकणातही घरगुती मुक्कामाची सोय गावोगाव झाली आहे, वेळासला कासवं बघायला जाणारे तर गावकऱ्यांच्या पडवीतच उतरतात. आमच्या इमारतीतलं एक जोडपं स्वतःच्या गावाला बगल देऊन गुहागरला दुसऱ्यांकडे राहून आलं. ही बातमी अजून त्यांच्या भावकीपर्यंत पोहोचलेली नाही.

ऑगस्टमधल्या पॅरिसबद्दल मी वाचत असतो. सगळे किनाऱ्याला गेले की शहर ओस पडतं. पाववाल्यांनी एकदम दुकानं बंद करू नयेत म्हणून त्यांच्या सुट्ट्या आळीपाळीने ठरवून देण्याचा क्रांतीच्या काळातला नियम अगदी परवापर्यंत टिकून होता, २०१५ च्या उन्हाळ्यात तो सुटला. जाऊ न शकणाऱ्यांसाठी २००२ पासून सेन नदीच्या काठावर आरामखुर्च्या मांडतात; २०१६ पर्यंत वाळूही आणून टाकत. शिरगावात आमच्यासाठी कुणी काही आणून टाकत नाही, आणि मे महिन्यापुरतं ते बरंच आहे.

कारण तेव्हा इथे जागा होते. रिक्षावाला थांबून विचारतो. दुपारी वीज जाते, पंखे थांबतात आणि तांबट पक्ष्याची टुकटुक थेट घरात येते. महिनाअखेरीला आसपासच्या पाड्यांवरच्या बायका जांभळं घेऊन स्टेशनच्या वाटेवर बसतात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे घासाघीस करताना गिऱ्हाईक जरा चाचरतं. करवंदांवर अजून कुणी शिक्का मारलेला नाही. ती जुन्याच तोऱ्यात द्रोणातून विकली जातात. जवळच्या कोंडेश्वरच्या धबधब्याचं पाणी आटलेलं असतं म्हणून गर्दी नसते. पावसात तिथे माणसं बुडतात आणि प्रशासनाला बंदी घालावी लागते. मे महिन्यात नुसते तापलेले कातळ आणि देवळातली सावली असते.

संध्याकाळी गच्चीवर जायचं. आम्ही म्हणे बदलापूर पूर्वेला राहतो, पण इथे रूळच तिरके गेलेले आहेत. पूर्वेची वस्ती खरं तर नैऋत्येला पडते आणि सूर्य मावळतो तो आमच्याच बाजूच्या डोंगरांमागे. उल्हास नदी आणि पलीकडचं बारवी धरण ‘पश्चिमे’चं, जे होकायंत्राप्रमाणे पूर्वेला आहे. रेल्वेने ठरवलेल्या दिशा सूर्य मानत नाही. चंदेरीचा सुळका काळा पडेपर्यंत बसायचं. कुणी घड्याळ बघत नाही, कारण सकाळची गाडी चुकली तरी मागच्या गाडीत उभं राहायला जागा असते. एरवी या गावात असं वाक्य उच्चारता येत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मंडळी परततात. शाळा पंधराच्या सुमारास उघडणार, त्याआधी वह्या-पुस्तकं. जिन्यात फणसाचा वास चढतो. शेजारच्या वहिनी हाताला खोबरेल लावत दारात उभ्या होत्या, चीक अजून निघाला नव्हता.

“मग, कशी झाली सुट्टी?” मी विचारलं.

“अहो भाऊ, कसली सुट्टी,” त्या म्हणाल्या. “आता दोन दिवस दार वाजवू नका. झोपायचंय.”