चार वाजून सहा मिनिटांच्या आधी

मी गोदीच्या स्फोटावर कादंबरी लिहितो आहे असं कळलं, की लालबागमध्ये पहिला प्रश्न येतो तो सोन्याच्या विटांचा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं, तेव्हा त्यातल्या विटा खरोखरच उडून लांबच्या वस्तीत पडल्या होत्या. मला मात्र ओढलं ते कापसाने. जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि त्याच पोटात कराचीला भरलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी. गिरणगावात वाढलेल्या माणसाला एवढं वाचूनच धूर दिसू लागतो.

माझे वडील गिरणीत ब्लोरूमला, म्हणजे कापसाच्या गाठी फोडण्याच्या खात्यात होते. दाबून बांधलेल्या गाठीत ठिणगी शिरली, की ज्वाळा दिसत नाही, आग आत धुमसत राहते. वरून पाणी मारलं तरी गाभ्यापर्यंत पोचत नाही, गाठ फोडावीच लागते. घरात मिळालेल्या या ज्ञानावर माझ्या कादंबरीचा पाया आहे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर जहाजातून धूर दिसला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा उमटला, गोदीच्या घड्याळाचे काटे थांबले, शेकडो माणसं गेली. हे सगळं वाचकाला पहिल्या पानाआधीच ठाऊक असतं. म्हणून माझी कादंबरी स्फोटावर कमी आणि धूर ते पहिला स्फोट यांच्या मधल्या दोन-अडीच तासांवर जास्त आहे.

या तासांत लेखकाचं सगळ्यात मोठं शत्रुत्व स्वतःच्या माहितीशी असतं. ‘पण नियतीच्या मनात वेगळंच होतं’ हे वाक्य मराठी ऐतिहासिक कादंबरीत फार सहज येतं. मी ते आणि त्याची सगळी भावंडं खोडतो. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर लिहून ठेवतो: किती वाजले, कोण कुठे उभा आहे, त्याला आत्ता काय माहीत आहे. नळी धरलेल्या बंबवाल्याला पायाखालची लोखंडी पाटी तापलेली कळते, खाली किती दारूगोळा आहे हे कळत नाही. धक्क्यावरच्या हमालाला धूर दिसतो, पण स्फोटकांची खूण म्हणून फडकायचा लाल बावटा जहाजावर नसतो. मग तो पळेल कशाला? त्याच्या तोंडी मी शंका घातली, तर तो माझा निरोप्या होतो, हमाल राहत नाही.

हीच शिस्त अधिकाऱ्यांना लावली, की खलनायक सापडेनासा होतो. कापूस आणि स्फोटकं एकत्र भरली, कारण युद्धात जहाजातली इंचभर जागाही रिकामी सोडायची नव्हती. जहाज समुद्रात न्यावं की आहे तिथेच बुडवावं, असे दोन्ही विचार पुढे आले. कप्तान, गोदीचे अधिकारी, अग्निशमन दल, लष्कराचे लोक सगळे हजर होते. सगळ्यांच्या वतीने शेवटचा शब्द टाकणारा मात्र कुणी नव्हता. फेकलेल्या सिगारेटचा संशय घेतला गेला. पण सिगारेट लिहायला एक ओळ लागते, हा न झालेला निर्णय लिहायला मला शंभर पानं लागतात.

काय बदलायचं नाही, हेही ठरलेलं आहे. वेळा, माल, स्फोटांचा क्रम यांना हात लावायचा नाही. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे आणि १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्यांच्यापैकी एकालाही मी पात्र केलेलं नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं वाक्य घालण्याचा हक्क मला नाही. माझा बंबवाला पूर्ण कल्पित आहे, आणि त्याला भाषण नाही, फक्त काम आहे.

चौकशी समिती कारण सांगते. कादंबरीने त्या कारणाला होकार देणारी शहाणी, घाईत असलेली, वरच्याच्या हुकमाची वाट पाहणारी माणसं दाखवावीत. खलनायक हाती लागला, की वाचक सुटतो. मला तो सुटायला नको आहे, कारण आजही कुठल्या तरी कारखान्यात, पुलावर, गोदामात अशीच माणसं सही करत आहेत, आणि त्यांतले कितीतरी माझे वाचक आहेत.