पॅड बांधून बसलेला माणूस

आमच्या घरापासून डी. वाय. पाटील स्टेडियम हवेतल्या अंतराने फार तर दीड किलोमीटर असेल. २ नोव्हेंबरच्या रात्री फायनल मोबाईल टीव्हीला जोडून बघत होतो. नेटवरचं चित्र अर्धा मिनिट मागे असतं. त्यामुळे विकेट पडली की आधी खिडकीतून आवाज यायचा, मग आम्ही ‘आता बघू कोण गेलं’ म्हणून स्क्रीनकडे वळायचो. शेवटचा आवाज मध्यरात्रीच्या सुमारास आला. स्क्रीनवर दीप्ती अजून रनअपवर चालत होती. लेक उठून उभी राहिली. मग नादिन डी क्लर्कचा उंच फटका, हरमनप्रीतचा झेल. ५२ धावांनी जिंकलो. आणि थोड्या वेळाने ते दृश्य, हरमनप्रीत वाकून अमोल मुजुमदारच्या पाया पडतेय.

माझ्या डोळ्यात पाणी आलं. बायको म्हणाली, अहो, एवढं काय? एवढं काय ते सांगतो. पोस्ट मोठी होईल, सवडीने वाचा.

मी अमोलच्याच वयाचा. दादरला वाढलो, पुढे जागा परवडेना म्हणून नेरुळला आलो. शिवाजी पार्कात आचरेकर सरांच्या नेटच्या जाळीमागे उभं राहून बघणाऱ्या पोरांपैकी मी एक. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन आणि विनोदने सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ ची नाबाद भागी केली, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. त्या पूर्ण वेळात पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला पोरगा म्हणजे अमोल. त्याची बॅटिंग आलीच नाही.

पुढचं आयुष्यही तसंच गेलं. रणजी पदार्पणात फरिदाबादला हरियाणाविरुद्ध २६०. पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम, २०१८ पर्यंत टिकला. भारताच्या १९ वर्षांखालील संघाचा उपकर्णधार झाला. १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. रणजीतल्या सर्वाधिक धावांचा विक्रमही काही काळ त्याच्याच नावावर. २००६-०७ ला मुंबईचा कर्णधार म्हणून रणजी जिंकला. भारतासाठी सामने किती? शून्य. मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. जागा कुठे होती? नंतर आसामकडून खेळला, आंध्रकडून खेळला. मुंबईचा माणूस गुवाहाटीला जाऊन रणजी खेळतोय हे वाचून तेव्हा मी ऑफिसात म्हणालो होतो, ‘सोड ना आता, किती ताणतोस?’ हे वाक्य मला आता टोचतं.

२०१४ ला थांबला आणि कोचिंगकडे वळला. नेदरलँड्स, राजस्थान रॉयल्स, दक्षिण आफ्रिकेचा संघ भारतात आला तेव्हा त्यांचा बॅटिंग कोच, मग मुंबई. ऑक्टोबर २०२३ मध्ये महिला संघ. त्याआधी जवळजवळ दहा महिने या संघाला पूर्णवेळ मुख्य कोचच नव्हता, आणि त्या काळात एक टी-ट्वेंटी वर्ल्डकपही होऊन गेला. पुरुषांच्या संघाबाबत असं झालं असतं तर चॅनेलवाल्यांनी महिनाभर डोकं खाल्लं असतं. इथे कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही.

‘स्वतः इंटरनॅशनल खेळला नाही, हा काय शिकवणार?’ हा प्रश्न त्याच्या नेमणुकीच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता. सोव्हिएत आइस हॉकीतला विक्टर तिखोनोव घ्या. खेळाडू म्हणून बेताचा बचावपटू. कोच म्हणून १९८४, १९८८ आणि १९९२ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं. पण तो खेळाडूंना वर्षातले बहुतेक महिने बराकीत ठेवायचा, आणि शेवटी फेटिसोव्हसारखे त्याचेच खेळाडू त्याच्याशी उघड भांडले. म्हणजे जिंकता येतं तसंही. मला मात्र पाया पडणारी कर्णधार जास्त मोठी वाटते.

कारण हा वर्ल्डकप सरळ आला नाही. ९, १२ आणि १९ ऑक्टोबर, लागोपाठ तीन पराभव. इंग्लंडविरुद्ध तर हातातली मॅच चार धावांनी घालवली. सोशल मीडियावर कोचला काढा, कर्णधार बदला सुरू. मग याच नेरुळात न्यूझीलंडला हरवलं, सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाचे ३३८ पार केले, जेमिमा नाबाद १२७. प्रतीका जखमी झाली म्हणून ऐनवेळी आलेल्या शफालीने फायनलला ८७ ठोकले. बाहेर बसलेल्या माणसाला अचानक ‘जा, तुझी बॅटिंग’ म्हटल्यावर काय वाटतं, हे त्या ड्रेसिंगरूममध्ये कोचइतकं कुणाला कळणार होतं?

नंतर राज्य सरकारने सत्कार केला. स्मृती, जेमिमा, राधा यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी. मिळायलाच हवेत, त्यावर वाद नाही. मुजुमदारला साडेबावीस लाख. बरोबर दहावा हिस्सा. रक्कम माझ्यासारख्याला मोठीच आहे, पण शिकवणाऱ्याची किंमत एक दशांश हे कुठे ठरलं, कुणी सांगेल का?

अर्थात मी कोणत्या तोंडाने विचारू? माझी लेक ऑफस्पिन टाकायची. आमच्या सेक्टरच्या मैदानावर एक साठीचे सर शिकवतात. क्लब क्रिकेटच्या पुढे गेले नाहीत. फी महिना दीड हजार, तीही निम्मी पोरं थकवतात. मैदान कधी लग्नाला, कधी कुठल्या भाऊंच्या वाढदिवसाच्या स्पर्धेला, मग सर पोरींना घेऊन पार्किंगच्या कडेला कॅचेस देतात. आठवीत मी लेकीला काढलं. क्लासेस, दहावी, वगैरे. सर म्हणाले होते, ‘साहेब, दोन वर्षं थांबा, हिचा हात चांगला आहे.’ मी भेटायलाही गेलो नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शी विल नॉट कंटिन्यू’ असं इंग्रजीत लिहून मोकळा झालो. उत्तरात त्यांनी हात जोडल्याची खूण पाठवली.

फायनलच्या रात्री बक्षीस समारंभ संपेपर्यंत लेक काही बोलली नाही. मग झोपायला जाताना म्हणाली, ‘बाबा, सरांनी पण बघितली असेल ना मॅच?’

पुढच्या रविवारी सकाळी सातला मैदानावर गेलो. आदल्या रात्री कुणाचं तरी रिसेप्शन झालेलं, मंडपाचे खड्डे तसेच. सर आणि चार पोरी घमेल्याने माती आणून खड्डे बुजवत होते. मला बघून सर म्हणाले, ‘या. एकटेच?’ म्हटलं, ‘नाही, ती बूट शोधतेय. जुने लहान झालेत.’ तोंडावर आलेली माफी तिथेच अडकली. ते म्हणाले, ‘तोवर ते घमेलं उचला.’